कोयंडे वहिनी आणि वाळूचा दांडा

रत्नप्रभा कोयंडे यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण मी त्यांना ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. एकवीस वर्षं आम्ही भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये एकाच ब्लॉकमध्ये राहिलो. त्या खाली, आम्ही वर. त्यांच्या फोडणीच्या वासावरून आम्हाला कळायचं की आज कोयंड्यांकडे तलावाचे मासे आले. पण त्यांचं माहेरचं नाव मला माहीत नाही. त्या किती शिकल्या होत्या, माहीत नाही. त्यांना मूल नव्हतं. त्याचं त्यांना काय वाटायचं हे मी कधी विचारलं नाही, आणि आमच्या वेळी शेजारच्या बाईला असं कोणी विचारतही नसे. आयुष्यभरात त्यांच्याशी माझं जे बोलणं झालं, ते एका पोस्टकार्डावर मावेल.

लिहिण्याची मला सवय नाही. टाइम ऑफिसात क्लार्क होतो, हजेरीच्या पलीकडे फारसं काही लिहिलं नाही. पण एका सकाळी मी जे पाहिलं ते पाहणारे आता दोघं-तिघंच उरलो आहोत. म्हणून लिहितो.

त्यांचे यजमान शंकर कोयंडे फाउंड्रीत मोल्डर होते. लोखंड ओतायचा साचा वाळूचा असतो, तो करणारा माणूस म्हणजे मोल्डर. वाळूत पाणी बरोबर पडलं आहे की नाही हे ते मुठीत दाबून, मग गोळा मोडून सांगत. तिथे तपासायला यंत्र होतं, तरी फोरमन आधी शंकररावांच्या मुठीकडे बघायचा. पण ते म्हणत, "माझं काय, मी वाळू नोकरीत शिकलो. वाळू कळते ती आमच्या घरी." आम्हाला ती नवऱ्याने केलेली बायकोची थट्टा वाटायची.

दोघंही कोकणातले. मालवणपासून एसटीने तासाभरावर एक गाव आहे, ते वहिनींचं माहेर. अडुसष्ट साली त्या भोपाळला आल्या. पहिल्याच रविवारी आम्ही काही बिऱ्हाडं त्यांना बडा तालाब दाखवायला घेऊन गेलो. एवढं पाणी बघून त्या खूश होतील असं आम्हाला वाटलं. त्या बराच वेळ काठावर उभ्या राहिल्या आणि माझ्या बायकोला, विमलला, त्यांनी हळूच विचारलं, "याला भरती किती वाजता येते?"

झालं. तेव्हापासून ब्लॉकमध्ये तो एक विनोदच होऊन बसला. पावसाळ्यात अंगणात पाणी साचलं की कोणीतरी जिन्यातून ओरडायचं, "वहिनी, भरती आली हो!" त्याही हसायच्या. माझं हसणं त्यांच्यापर्यंत जायचं का, हे आता सांगता येत नाही, पण मीही हसायचो.

एकोणऐंशीच्या दिवाळीत आमच्या मंडळाची सहल निघाली. सात बिऱ्हाडं, एलटीसीवर, म्हणजे कंपनीच्या प्रवासखर्चाने, थेट कोकणात, वहिनींच्या माहेरच्या गावी. आमच्यापैकी कित्येकांनी समुद्र पाहिला होता तो मुंबईत, फुटपाथवर उभं राहून. सहलीचे प्रमुख उदय बर्वे. ते सीनियर इंजिनिअर, पुण्याचे, उत्तम पोहणारे आणि मनाने चांगले गृहस्थ. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष माझ्यापेक्षा जास्त नाही. टाउनशिपमध्ये कोणाचं किती ऐकायचं हे क्वार्टरच्या टाइपवरून ठरे. बर्वेसाहेबांच्या क्वार्टरला पुढे बाग होती. कोयंड्यांच्या क्वार्टरला पुढे आमच्या सगळ्यांचा धुण्याचा हौद.

त्याच हौदाजवळ निघायच्या चार दिवस आधी बायका चकल्या करायला जमल्या होत्या. आमच्या ब्लॉकची डागडुजी चालू होती आणि रस्त्याकडेला नर्मदेच्या वाळूचा ढीग पडला होता. वहिनी दोन घमेली वाळू घेऊन आल्या आणि हौदात ओतू लागल्या.

"अहो वहिनी, धुण्याच्या हौदात वाळू काय कालवताय?" विमल म्हणाली. "नळी तुंबेल ना!"

"तुंबली तर मी काढीन. वंदना, इकडे ये गं. तू समुद्रात उड्या मारणार ना? मग आधी बघून ठेव."

वंदना माझी मुलगी. तेव्हा सोळा वर्षांची, आणि क्लबच्या तलावात पोहण्याची दोन बक्षिसं मिळवलेली. मी वर खिडकीत उभा होतो. खाली सगळ्या बायका, म्हणून उतरलो नाही, पण तिथून हौद स्वच्छ दिसत होता.

वहिनींनी हौदाच्या एका टोकाला वाळूचा उतार केला, तो किनारा. त्यापासून हातभर अंतरावर, पाण्याखाली, वाळूचा एक लांब वरंबा घातला. तो वरून दिसतही नव्हता. मग त्या पलीकडच्या टोकाला गेल्या आणि बसायचा पाट पाण्यात उभा धरून त्यांनी तो हलकेच पुढे ढकलला.

खोल बाजूने लाट निघाली ती लाट वाटलीच नाही. पाण्यावर नुसती एक सुरकुती. पण ती त्या वरंब्यापाशी आली आणि एकदम उभी राहिली, पुढे कलली, दुमडली आणि फुटली. कोणी मध्ये हात घातला नव्हता. वरंब्याच्या आत पुन्हा सपाट पाणी, त्यावरून एक बारकी लाट पुढे सरकली आणि किनाऱ्याच्या उतारावर अलगद विरली.

"परत करा काकू!" वंदना म्हणाली.

"हा दांडा," वहिनी म्हणाल्या. "वाळूचा दांडा. लाट खोल पाण्यात पळत येते. खाली वाळू लागली की तिचे पाय अडतात. पाय मागे, डोकं पुढे. मग ती पडणारच. मोठी लाट दांड्यावर पडते, म्हणून किनाऱ्याला बारकी मिळते. तो मार खातो, म्हणून आमची घरं राहतात."

"आणि हा दांडा घालतं कोण?"

"समुद्रच. पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि तिथे रचतो. पाऊस सरला की हळूहळू परत आणून लावतो. आता सांग, एवढं पाणी दांड्यावरून आत आलं. ते परत कुठून जाणार?"

"खालून?"

"थोडं खालून. पण पाणी तुझ्या बाबांसारखं आहे. गर्दीत घुसत नाही, रिकामी जागा शोधतं."

बायका हसल्या. मी खिडकीतून एक पाऊल मागे झालो.

वहिनींनी दोन बोटांनी वरंब्याला मध्येच एक खिंड पाडली. तुळशीची एक मंजिरी आतल्या पाण्यावर टाकली आणि पाट ढकलू लागल्या. खिंडीच्या दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधल्या जागेत पाणी गुळगुळीत होतं. मंजिरी किनाऱ्याकडे येईल असं मला वाटलं. ती आडवी सरकली, खिंडीपाशी आली आणि त्या गुळगुळीत पाण्यातून सरळ बाहेर, खोल बाजूला निघून गेली.

मला आठवतं, माझ्या अंगावर काटा आला. धुण्याचा हौद तो.

"इथे खाली खोल आहे, म्हणून लाट फुटत नाही," वहिनी सांगत होत्या. "परक्या माणसाला वाटतं, इथे किती शांत, इथेच उतरावं. तिथेच उतरायचं नाही."

"आणि चुकून उतरलं तर?"

"तर सरळ किनाऱ्याकडे यायला बघायचं नाही. दमशील. आडवं जायचं, फेसाकडे. फेस आहे तिथे वाळू आहे. वाळू आहे तिथे पाय टेकतात."

मी हे सगळं ऐकलं होतं. पुन्हा सांगतो, शब्द न् शब्द ऐकला होता.

गावी पोहोचल्यावर वहिनी भावाकडे उतरल्या. अकरा वर्षांनी त्या माहेरी आल्या होत्या. मधल्या काळात का आल्या नाहीत, हेही मला माहीत नाही. आम्ही बाकीचे शाळेच्या इमारतीत राहिलो. सकाळी त्यांचा निरोप आला, "मी नऊपर्यंत येते. तोवर कोणी पाण्यात उतरू नका."

आम्ही साडेआठलाच किनाऱ्यावर गेलो. सुरूची झाडं संपली आणि समोर तो पसरला होता.   खूप आत, वीतभर जाडीची पांढरी रेघ उमटत होती आणि पुसली जात होती, आणि तिचा आवाज थोड्या वेळाने पोहोचत होता. ती रेघ उजवीकडे आणि डावीकडे होती. बरोबर आमच्या समोर मात्र एक पट्टा काळसर, गुळगुळीत, बिनफेसाचा.

नऊ वाजले, सव्वानऊ झाले. वहिनींचा पत्ता नाही. मंडळी चुळबुळू लागली.

"हे बघा," बर्वेसाहेब त्या पट्ट्याकडे हात करून म्हणाले, "निसर्गाने आपल्यासाठी स्विमिंग पूलच करून ठेवलाय. दोन्हीकडे लाटा, मध्ये शांत. इथे उतरू या."

आज हसू येतं, पण आम्ही सगळी तळ्याकाठची माणसं. बडा तालाबवर वारा सुटला, लाटा उठल्या, की नावाडी नाव काढत नाही. पाणी शांत असलं की निर्धास्त. आमचं पाण्याचं सगळं ज्ञान एवढंच, आणि ते आमच्या गावात खरं होतं.

"पण वहिनी म्हणाल्या होत्या..." विमल म्हणाली.

"वहिनी काय हो, तलावातही भरती शोधतात!" कोणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मीही.

"वंदना, तू पोहणारी. तू आधी जा आणि खोली सांग," बर्वेसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वंदनानेही पाहिलं.

"बाबा, काकूंनी तेव्हा दाखवलं होतं ना, की..."

"साहेब सांगताहेत ना?" मी म्हणालो. "जा. कमरेपर्यंत जाऊन ये."

हे माझे शब्द. ते दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाहीत.

ती कमरेपर्यंत गेली, वळून हात हलवला. मग पाणी तिच्या छातीशी दिसलं. तिने आमच्याकडे तोंड करून पोहायला सुरुवात केली. हात व्यवस्थित पडत होते, क्लबमध्ये पडायचे तसेच. पण दर हाताला ती आमच्यापासून लांब जात होती. पुढे पोहणारं माणूस मागे जाताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आधी समजेचना. समजलं तेव्हा मी ओरडायला लागलो.

"वंदना! इकडे! सरळ ये! बाळा, माझ्याकडे बघ, माझ्याकडे ये!"

मी जितका ओरडत होतो तितकी ती जोरात हात मारत होती. माझ्याकडेच. तिचं डोकं पाण्याखाली जाऊ लागलं. बर्वेसाहेब शर्ट काढून धावले.

तेवढ्यात मागून आवाज आला, तो वहिनींचा आहे हे मला ओळखताच आलं नाही.

"गप रवा! तिका हाक मारू नकात! साहेब, बाहेर! एक पुरे झाला!"

त्या सुरूच्या बनातून येत होत्या, डोक्यावर शहाळ्यांची पाटी. पाटी त्यांनी तशीच टाकली. शहाळी वाळूवर गडगडली. माझ्यासमोर येऊन, त्या माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या, मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हाक मारली की ती तुमच्याकडे येणार. तुमच्याकडे वाट नाही."

मी तोंड मिटलं. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम ते. माझी मुलगी समोर बुडत होती आणि मी तिला हाक मारत नव्हतो.

वहिनी धावत सुटल्या, आणि त्याही वंदनाच्या दिशेने नाही. डावीकडे, तिच्यापासून दूर, जिथे लाटा आदळत होत्या तिकडे. "अहो, ही कुठे चालली!" विमल किंचाळली. साठ-सत्तर पावलांवर त्या थांबल्या. पाटीखालची चुंबळ त्यांच्या हातात होती, लाल पंच्याची. ती त्यांनी झटक्यात उलगडली आणि डोक्यावर धरून फडकवू लागल्या. ओरडल्या नाहीत. फक्त तो लाल पंचा, डावीकडून उजवीकडे नाही, एकाच बाजूला, त्यांच्या बाजूला, पुन्हा पुन्हा.

वंदना नंतर सांगायची, बाबांचा आवाज बंद झाला तेव्हा ती घाबरून इकडे-तिकडे बघू लागली, आणि तिला लाल काहीतरी दिसलं. आणि हौद आठवला.

ती वळली. आमच्याकडे पाठही नाही आणि तोंडही नाही, आडवी. काळ्या पट्ट्यातून फेसाच्या दिशेने. एक लाट तिच्यावर फुटली, ती नाहीशी झाली. दिसली. दुसरी फुटली, पुन्हा नाहीशी झाली. या वेळी बराच वेळ.

मग ती उभी राहिली.

हे मला नीट सांगता येत नाही. किनाऱ्यापासून इतक्या लांब, चहूकडे समुद्र, आणि त्याच्या मध्यावर माझी मुलगी ताठ उभी होती. पाणी गुडघ्याच्या जरा वर. केस तोंडावर चिकटलेले, हात कमरेवर, खोकत होती. तिच्या दोन्ही बाजूंना लाटा कोसळत होत्या, त्याच लाटा, ज्यांना भिऊन आम्ही तिला शांत पाण्यात पाठवलं होतं. त्यांच्या खाली न दिसणारी वाळू होती आणि ती वाळू माझ्या मुलीला धरून होती. कोणी मला विचारलं की देव पाहिलास का, तर मी नाही म्हणेन. पण ते पाहिलं.

दम घेऊन ती निघाली. मागून येणाऱ्या लाटांनीच तिला ढकलत आणलं. वहिनी छातीइतक्या पाण्यात जाऊन उभ्या होत्या. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बाहेर आणली. वहिनींना पोहता येत नव्हतं, हे मला संध्याकाळी कळलं.

 विमल वंदनाला पोटाशी धरून बसली होती. बर्वेसाहेब उठले, वहिनींसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मला दाखवाल? नीट दाखवा. मला काही येत नाही असं समजा."

"समजायचं काय त्यात," वहिनी म्हणाल्या, आणि वंदना बाहेर आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

त्यांनी दोन शहाळी फोडून पाणी आम्हाला पाजलं आणि रिकामी शहाळी घेतली. एक त्या काळ्या पट्ट्यात भिरकावलं, एक फेसात. फेसातलं दहा-बारा लाटांत आमच्या पायाशी आलं. पट्ट्यातलं संथपणे निघालं, जसं कोणी दोरीने ओढतंय. दांड्याच्या पार गेलं, बारीक ठिपका झालं, तिथे रेंगाळलं. मग बाजूला सरकलं, एका लाटेने त्याला उचललं, फेसात टाकलं, आणि अर्ध्या तासाने तेही परत आलं. आम्ही चौदा-पंधरा मोठी माणसं एका शहाळ्याकडे बघत बसलो होतो. बर्वेसाहेबांनी चष्मा दोनदा पुसला.

संध्याकाळी शंकरराव शाळेच्या ओट्यावर बसून सांगू लागले. दांड्यातली ती खिंड माणसाला बाहेर नेते, पण होडीला घरी यायची तीच वाट. तिथे लाट फुटत नाही. आणि ती जागा बदलत असते. म्हणून होड्या परतायच्या वेळी किनाऱ्यावर कोणीतरी उभं राहून आजची वाट दाखवावी लागते. दहा वर्षांची असल्यापासून ते काम रत्नप्रभाचं.

"मी हिला पहिल्यांदा बघितली ती होडीतूनच," ते म्हणाले. "किनाऱ्यावर एवढीशी पोरगी, हातात लाल फडकं. होडी हाकणाऱ्या म्हाताऱ्याने सुकाणू तिच्याकडे बघून फिरवलं, समुद्राकडे बघून नाही."

"पुरे झालं," वहिनी आतून म्हणाल्या. "भाताला बोलवा सगळ्यांना."

तिसऱ्या दिवशी निघण्याआधी मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. काळा पट्टा शोधला. तो जागेवर नव्हता. वहिनी शिंपले वेचत होत्या.

"वहिनी, परवा तो इथे होता ना?"

"परवा होता. आज तिकडे आहे, बघा, त्या खडकाच्या अंगाला."

मी पाहिलं. होता. तेव्हा त्यांचे आभार मानायचे होते. शब्द तोंडाशी आले आणि मी म्हणालो, "एसटी साडेदहाची आहे."

भोपाळला आल्यावर भरतीचा विनोद बंद झाला. पुढच्या सहलीच्या नोटिशीत बर्वेसाहेबांनी स्वतःच्या हाताने शेवटची ओळ लिहिली, "कोयंडे वहिनी सांगतील तिथेच पाण्यात उतरावे." सहल पचमढीची, डोंगरातली होती, तरी ती ओळ राहिली. वहिनी स्वतः आल्या नाहीत. विमलने त्यांच्याशी मैत्री केली, वंदना तर त्यांच्याकडेच पडलेली असे. मी जिन्यात भेटलो की बाजूला होऊन वाट द्यायचो. दहा वर्षं आभार मानायचं मनात धरलं आणि दर वेळी पाण्याची वेळ, दूधवाला, लाइट गेली, असलंच काहीतरी बोललो.

एकोणनव्वदला शंकरराव निवृत्त झाले आणि ती दोघं भोपाळमध्येच, बाग सेवनियाला राहायला गेली. दोन वर्षांनी वहिनी वारल्या. मला ते पंधरा दिवसांनी कळलं. त्याच्या तीनेक महिने आधी त्या मला पिपलानीच्या बसस्टॉपवर भेटल्या होत्या, हातात औषधाची पिशवी. वाळल्या होत्या.

"वहिनी, इकडे कुठे?"

"दवाखान्यात. गोळ्या घ्यायच्या असतात. वंदना कशी आहे?"

"जबलपूरला. मुलगा झाला तिला."

"हो? पोहायला घाल म्हणावं त्याला."

"सांगतो," मी म्हणालो. आज बोलायचंच असं ठरवलं. घसा साफ केला. तेवढ्यात एक बस आली, जवळजवळ रिकामी. मला त्यांची दमलेली चर्या दिसत होती. मी घाईने म्हणालो, "चला वहिनी, चढा. रिकामी आहे, बसायला मिळेल."

त्यांनी मान हलवली. "नको भाऊजी. रिकामी दिसते ना, ती डेपोला चालली आहे. मागून गर्दीची येईल. पाय टेकायला जागा मिळाली की झालं."

"बरं, वहिनी," मी म्हणालो.